ट्रॅक्टरचा मुक्काम

न्याय मागणाऱ्या नागरिकासाठी या देशात चार दरवाजे सदैव उघडे असतात, असं सांगलीतले आमचे वकील म्हणाले. आणि वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यांनी उठून आपल्या खोलीचा एकुलता एक दरवाजा लावून घेतला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. साताऱ्याहून सांगलीला बदली झाल्यावर मी कुपवाडला कारखान्याच्या कचेरीत स्कूटरवरून जात असे. या स्कूटरसाठी नाव नोंदवलं तेव्हा मी अविवाहित होतो. नंबर लागला तेव्हा मुलगी शाळेत जात होती. एका सकाळी स्कूटर रस्त्याकडेला लावून मी चहा घेत होतो. तेवढ्यात उसाच्या ट्रॉलीचा एक ट्रॅक्टर उलटा मागं मागं आला आणि तिच्यावर चढला.

ट्रॅक्टरचा मालकच चालवत होता. लष्करातून निवृत्त होऊन ऊस लावणारा गडी. खाली उतरून त्यानं मला कडक सॅल्यूट ठोकला.

"चूक आमचीच हाय, सायेब."

"विमा आहे ना?"

"विमा कशाला? घेतला तवाच नारळ फोडलाय की. बघा, एक ओरखडा न्हाई!"

ट्रॅक्टरवर खरोखरच ओरखडा नव्हता.

वकिलांनी दरवाजे उलगडून दाखवले. पहिला पोलिसांचा, तिथं बिनविम्याचा म्हणून मालकाला दंड होईल आणि तो सरकारजमा होईल. दुसरा अपघातांच्या न्यायाधिकरणाचा. पण भरपाई द्यायला विमा कंपनीच नसल्यानं ती मालकाकडूनच काढावी लागणार. तिसरा दिवाणी दाव्याचा. त्यात निकालाआधीच ट्रॅक्टर जप्त करता येतो. चौथा तडजोडीचा. हा त्यांनी इतक्या हळू सांगितला, की मला पुन्हा विचारावं लागलं.

मला फक्त स्कूटर रस्त्यावर हवी होती. आम्ही तिसऱ्या दरवाज्यातून शिरलो.

जप्ती झाली, पण कोर्टाच्या आवारात जागा नव्हती. तिथं आधीच्या जप्त्या गंजत उभ्या होत्या. तेव्हा बेलीफानं ट्रॅक्टर माझ्याच अंगणात आणून लावला आणि सांभाळण्याच्या हमीवर माझी सही घेतली. चेपलेली स्कूटर भिंतीशी आडवी, तिच्या शेजारी तो. मी बसच्या रांगेत. शेजारी पेढे मागायला येऊ लागले. पत्नीनं स्टिअरिंगवर लुगडी वाळत घालायला सुरुवात केली.

खंडेनवमीला सकाळीच मालक सपत्नीक हजर. हातात झेंडूचे हार.

"पूजेपुरतं येऊ द्या, सायेब. वर्साचा सण हाय. हात लावत न्हाई, लांबनंच हार टाकतो."

जप्तीच्या हुकमात पूजेचा उल्लेख नव्हता. मी येऊ दिलं. ट्रॅक्टरला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. मग बाईंचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"आवं, ही बी गाडीच की! आज हिला बिनपूजेची ठेवायची?"

"ठेवा हार तिच्यावर," मी म्हणालो.

"पडल्या गाडीला?" बाई नवऱ्याकडे वळल्या. "मढ्यावानी? उबी करा की तिला. पाडलीया कुनी?"

नवऱ्यानं स्कूटर तीनदा उभी केली. ती तीनदा पडली. आज हत्यारांचीही पूजा असल्यानं पान्याला हात लावता येईना. शेवटी एका बाजूनं त्यानं आणि दुसऱ्या बाजूनं मी धरून ठेवली, आणि बाईंनी आम्हा दोघांच्या मधोमध तिची साग्रसंगीत पूजा केली. लष्करी माणसाची मान मी तेव्हा प्रथमच खाली गेलेली पाहिली.

दसरा होताच तो बैलगाडी घेऊन आला आणि स्कूटर दुरुस्तीला घेऊन गेला. "साखर कारखाना सुरू व्हायच्या आत चालती करून देतो," म्हणाला, आणि दिली. पुढचा मडगार्ड तेवढा ट्रॅक्टरच्या लाल रंगाचा होता.

कोर्टात तडजोड दाखल झाली. हा दरवाजा आपण पहिल्यापासून सुचवत होतो, असं वकिलांनी न्यायाधीशांना सांगितलं. न्यायाधीशांनी कायद्याचं पालन आणि नागरिकांचं कर्तव्य यांवर चार शब्द सुनावले. मालकानं सॅल्यूट ठोकला, खिशातून विम्याची ताजी पावती काढून दाखवली, आणि सगळ्यांचंच समाधान झालं.

संध्याकाळी तो ट्रॅक्टर न्यायला आला. स्कूटर मी आधीच आत घेतली होती. त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला आणि आमचं फाटक खांबांसकट पाडलं. आम्ही दोघांनी मिळून पावती वाचली. विमा दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होता.