नसलेल्या अहवालाचा संदर्भ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

नागपूरच्या एका कॉलेजात मी संशोधनपद्धती शिकवते. शिकवते म्हणजे काय? ओरडते. हे वाक्य कुठून आणलं? मूळ पुस्तक उघडून पाहिलं का? आता तर पोरं मोबाइलला विचारून कुणी न लिहिलेल्या पुस्तकांची नावं आणतात — पान क्रमांकासकट! नंदनवन भागातल्या घरी रविवारभर ते तपासताना डोकं उठतं. पण खरं सांगू? चीड नुसती पोरांची नसते.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता नरखेड तालुक्यातल्या संत्राबागांत राबणाऱ्या बाया. एसटीत शेजारी बसलेला एक माणूस सहज बोलून गेला, "कलमाले बायाइले हात लावू देत नाई आमच्यात. झाड जगत नाई." मला ते फार आवडलं. अख्खं प्रकरण त्यावर उभं केलं — गावातल्या एकाही बाईला न विचारता. मार्गदर्शक सर म्हणाले, "संदर्भ?" मी एका महिला पाहणी समितीच्या अहवालाचं नाव लिहून टाकलं. अशी समिती नव्हती. अहवालही नव्हता. कुणी शोधला? छे! उलट पुढचे लोक माझ्या प्रबंधावरून त्याच अहवालाचा संदर्भ उतरवत गेले. अरे, एकानं तरी मागायचा होता!

मागितला — वैशालीनं. माझ्याच हाताखाली पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी, नरखेडकडची. असतील नसतील ती ग्रंथालयं पालथी घालून आली. "मॅडम, तो अहवाल कुठंच नाही भेटून राहिला. अन् आमच्या इकडं तं बायाच कलमं बांधतात. माही मायच बांधते. असं काहून लिहिलं असंन?" तिनं आपल्या प्रबंधाच्या मसुद्यात तसं नोंदवलंही होतं — मूळ अहवाल सापडला नाही, प्रत्यक्षात चित्र वेगळं आहे.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. आणि मी काय म्हटलं? "शोधायची सवयच नाही तुम्हा मुलींना. घरच्या गोष्टी म्हणजे संशोधन नव्हे. काढ ते."

तिनं मसुद्याची पानं गोळा केली. मग "जी मॅडम" म्हणाली. काढलं तिनं. त्या जागी माझं वाक्य घातलं, अहवालासकट. मी सही केली.

तिला पदवी मिळाली. आता तीही कुठेतरी शिकवते. तिच्या प्रबंधात तिच्या आईबद्दल खोटं छापलंय — तिच्या नावानं, माझ्या सहीनं.