जीप विकल्यानंतरचे धनूभाऊ

गोंदियाजवळच्या कामठ्याचे धनेंद्र रहांगडाले म्हणजे एका जागी न बसणारा माणूस. जेवताना निम्म्यातून उठून फाटकापर्यंत चक्कर मारून येणार, लग्नात अक्षता पडायच्या आत मांडवाबाहेर जाऊन ड्रायव्हर लोकांत गप्पा ठोकणार. त्यांची जात पोवार; पोवारांचे वाडवडील माळव्यातून निघाले ते वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन थांबले, असं त्यांच्यात सगळेच सांगतात. धनूभाऊंची बायको योगेश्वरी म्हणायची, "सारे थांबले. आमचे हे तेवढे थांबाचे राहिले."

या वळवळीला पुष्कळ वर्षं एक चांगली वाट मिळाली होती. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली धनूभाऊंनी जीप घेतली. जीप कसली, पत्र्याचा डबाच तो. हिवाळ्यात धक्का दिल्याशिवाय सुरू व्हायची नाही आणि सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. पण मागचे बाक दुमडले की अख्खी खाट आत सरकायची. कुणाला साप डसो, कुणाची सून अडो, कुणी झाडावरून पडो, धनूभाऊंच्या फाटकाची कडी वाजायची आणि हाक यायची, "धनूभाऊ, घरी आहा का जी?" हाक पुरी व्हायच्या आत हा गृहस्थ शर्टाची बटणं लावत बाहेर. डिझेलपुरतं कुणी दिलं तर घेतलं, नाही तर परसातला एखादा भोपळा येऊन पडायचा. गावातल्या कवडूची रिंकी तर जीपमध्येच, रेल्वे फाटक उघडायची वाट बघता बघता जन्मली. नंतर दोन बादल्या पाणी मारलं की जीप परत तयार. खरं सांगायचं तर धनूभाऊ भाताच्या शेतीवर पोट भरत आणि त्या हाकेवर जगत.

तेरा पावसाळे खाऊन जीपचा पत्रा सुटायला लागला तेव्हा ते दुसरी गाडी बघायला नागपूरला गेले. तिथं त्यांचा साळा ओमेश्वर जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा. मनात होती तशीच एखादी जुनी पण दणकट, उंच चाकांची गाडी. ओमेश्वरने दाखवली भलतीच. जर्मनीची, काळी, जमिनीला पोट लावून बसलेली, आत सायीच्या रंगाच्या चामडी सीटा. कुण्या बिल्डरने हौसेनं घेतलेली आणि हौस फिटल्यावर टाकलेली. "भाऊजी, घेऊ नोका. बसून तेवढं पाहा," ओमेश्वर म्हणाला. धनूभाऊ बसले. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी पाय दाबला, पाठ सीटला चिकटली आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस लहान पोरासारखा मोठ्यानं हसला. त्या एका हसण्यावर व्यवहार झाला. जीप तिथंच, बदल्यात गेली. किंमत विचारू नका, योगेश्वरीनंही विचारली नाही. तिनं फक्त गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हिच्यात खाट कुठून घालाची?"

तेव्हा धनूभाऊंनी ते बोलणं हसण्यावारी नेलं.

गाडी सुखाची होती असं कुणी समजू नये. कधीकाळी कुणाची बकरी चिरडली म्हणून गावकऱ्यांनी रस्त्यात मुरूम टाकून स्वतःच बांधलेला स्पीड-ब्रेकर होता, तो धनूभाऊंना तिरपा घ्यावा लागे, तरी खालून खर्रकन आवाज येई. समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा सारखा लागे आणि विझे. गोंदियाचा मिस्त्री मुन्नालाल दर वेळी बॉनेट उघडून बघायचा आणि हात पुसत म्हणायचा, "भैया, इसको बीमारी नहीं है. इसका मिजाज ही ऐसा है." धानाच्या कोठीत गाडी लावली तर उंदरांनी वायर खाल्ली. मग धानाची पोती ओसरीवर आली आणि रिकाम्या कोठीत गाडी गेली. योगेश्वरी म्हणाली, "बेस झालं. तुमी गाडी पाळली का गाडीनं तुमाले पाळलं, तेच समजून नाही राहिलं." महिन्यातून एकदा धनूभाऊ सडक अर्जुनीकडे जाऊन हायवेवर तिला मोकळं सोडायचे. चार श्वास मोकळे मिळाले की पुढं ट्रक आडवा, मागं ट्रक, ढाब्यासमोर म्हशी. परत येताना माणूस जास्तच चिडचिडा.

पण हे सगळं त्यांनी सोसलं असतं. घोळ झाला तो मनिराम चुट्यामुळे. मनिरामचा काय दोष म्हणा. घोळ धनूभाऊंनीच केला.

मनिराम चुटे त्यांच्या धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागलेला शेतकरी, शाळेतला सोबती. उन्हाळ्यात त्याला डोळे तपासायला गोंदियाला जायचं होतं. "चाल, माह्या गाडीत," धनूभाऊ म्हणाले. मनिरामने दार उघडलं. आतून गार वारा अंगावर आला, सायीसारखी सीट दिसली. त्याने पायातल्या चपला काढल्या, धुळीत एकमेकींना लावून नीट ठेवल्या आणि आत बसला. धनूभाऊ पिवळ्या दिव्यात गुंतलेले, त्यांचं लक्ष नव्हतं. गोंदियाच्या बाजारात मनिरामने तापलेल्या डांबरावर पाय ठेवला आणि "अरे बाप्पा!" म्हणून परत आत ओढला.

"चपला कुठं तुह्या?"

"गावातच ना. घरात शिरताना काढतो तशा काढल्या मी."

धनूभाऊंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यांनी त्याला नव्या चपला घेऊन दिल्या, इथवर ठीक. पण संध्याकाळी पानठेल्यावर त्यांनी ती गोष्ट नकलेसकट सांगितली. मनिराम दार कसा उघडतो, चपला कशा लावतो, पाय कसा भाजतो. मग दुसऱ्या दिवशी सांगितली, बाजाराच्या दिवशी सांगितली. गाव हसलं, मनिरामही हसला. पण पुन्हा त्या गाडीत बसला नाही, आणि त्याच्यामागे गावातलं दुसरंही कुणी बसलं नाही. आपले पाय त्या गाडीजोगे नाहीत, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

फाटकाची कडी वाजेनाशी झाली. रस्त्यानं कुणी पिशवी घेऊन निघालेलं दिसलं की धनूभाऊ गाडी हळू करत, काच खाली करत, "या, बसा." समोरचा माणूस आदबीनं रस्ता सोडून खाली चिखलात उतरे. "नाही जी, जवळच जाऊन राहिलो." जाणारा असायचा गोंदियाला.

पुढे पौषात गावातल्या सुकरामच्या सुनेचे दिवस भरले. बाहेरगावचा ऑटो बोलावला, तो येईस्तोवर बाई कण्हत ओसरीवर बसून राहिली. धनूभाऊंना दुसऱ्या दिवशी कळलं. ते तरातरा सुकरामच्या दारात गेले. "मी मेलो होतो का? मले काऊन नाही सांगितलं?"

सुकराम ओशाळला. "बाईची जात, भाऊ. बाळंतपन. तुमची गाडी खराब झाली असती ना जी."

धनूभाऊ घरी आले, जेवले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचं येरझारा घालणं फार वाढलं. ओसरी ते फाटक, फाटक ते ओसरी. बाहेर जरा कुणाची चाहूल लागली की कान टवकारायचे. आता कुणी हाक मारू दे, एकदा मारू दे, मग दाखवतो, असं ते योगेश्वरीला इतक्या वेळा म्हणाले की ती वैतागली. "कोनी बिमार पडाची वाट पाहून राहिले का तुमी?" ती म्हणाली. ते फाटकाकडे वळले, कारण तसंच होतं.

पुढच्या साली रोवणा, भाताची लावणी, ऐन भरात असताना सकाळी धनूभाऊ गाडीची काच पुसत होते. मनिरामचा मुलगा प्रफुल, चांगला दोन लेकरांचा बाप, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, फाटकासमोरून धावत गेला. थांबला नाही.

"प्रफुल! काऊन रे?"

"बाबा पडले जी बांधीत! तोंड वाकडं झालं, बोलता येऊन नाही राहिलं! कवडूभाऊचा ट्रॅक्टर पाहाले चाललो!"

"अरे, मी आहो ना! गाडी आहे ना!"

प्रफुलने वळून गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. नको त्या वेळी धनूभाऊंचीही नजर त्याच पायांवर गेली. "राहू द्या जी काकाजी," म्हणत तो पळाला.

धनूभाऊंनी गाडी काढली. मनिरामच्या गल्लीत चाकाच्या चाकोऱ्या पाण्यानं भरलेल्या, गाडी आत जाईना. गल्लीच्या तोंडाशीच उभी करून ते चिखल तुडवत आत गेले. अंगणात खाटेवर मनिराम पडला होता. अर्धं तोंड खाली ओघळलेलं, एक डोळा सताड उघडा, शेतातला काळा चिखल केसांपासून टाचांपर्यंत. त्याची बायको मंदाबाई उशाशी बसून नुसती हाका मारत होती.

"उचला खाट, वैनी! गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी आहे. आत्ता पोचतो गोंदियाले."

मंदाबाईचा चेहरा उजळला. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "जरा थांबा भाऊ. यायले धुवून घेतो. कसे नेता असे?"

"असू द्या, तसेच चाला," धनूभाऊ म्हणाले. म्हणाले खरं, पण जीपच्या दिवसांत ज्या आवाजात ओरडले असते त्या आवाजात नाही. शेजारची सुशिलाबाई तोवर बादली घेऊन आली होती. बायांनी पाय चोळायला घेतले. चिवट चिखल तो, निघेना. एक जण धुतलेलं धोतर शोधायला आत पळाली, दुसरीनं सीटवर अंथरायला चादर आणून धनूभाऊंच्या हातात दिली. "पांढरी आहे ना जी सीट," ती म्हणाली. धनूभाऊ चादर धरून उभे राहिले. बादलीवर बादली ओतली जात होती, मनिरामचा उघडा डोळा त्यांच्याकडे लागला होता, आणि तरी त्यांच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, बरं झालं, चादर मिळाली. पुढे सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

कवडूचा ट्रॅक्टर शेतात चिखलणीवर होता. त्याची लोखंडी चाकं खोलायची, ट्रॉली जोडायची, यात वेळ गेलाच. एवढं सगळं करून तो आला तेव्हा मनिरामचा दुसरा पाय धुणं चालू होतं.

"आंघोळ घालून राहिले का त्यायले!" प्रफुल किंचाळला. चौघांनी खाट उचलली, निम्मा धुतलेला माणूस ट्रॉलीत ठेवला आणि ट्रॅक्टर धडधडत निघाला.

धनूभाऊ चादर तशीच सीटवर फेकून मागे लागले. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या भाताच्या बांध्या. ट्रॉलीमागे ती गाडी पहिल्या गिअरमध्ये सरपटत होती, पिवळा दिवा लागला होता, तापलेल्या इंजिनाचा वास येत होता. ट्रॉलीत मंदाबाई नवऱ्यावर छत्री धरून मागे तोंड करून बसली होती. ती गाडीकडेच बघत होती, पण तिला ती दिसत नव्हती. मोठा रस्ता लागल्यावर धनूभाऊंनी गाडी पुढं काढली, आडवा हात केला. प्रफुल कवडूच्या बाजूला उभा राहून ओरडला, "सरका! आता उतरवा-चढवाची गोष्ट नोका करू!" मग ते सरकले आणि हॉर्न वाजवत सायकलवाले, बकऱ्या बाजूला करत पुढं चालले. एवढंच काम उरलं होतं. गोंदियापर्यंत त्यांनी ते केलं, हॉर्नवरचा हात काढला नाही.

दवाखान्यात मनिरामला आत नेलं. धनूभाऊ व्हरांड्यात बसले नाहीत, भिंतीपासून जिन्यापर्यंत चालत राहिले. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. जिवाचा धोका टळला होता. "लेकिन उजवा हात-पाय कितपत चलेगा, आज नहीं बता सकता," ते मंदाबाईला म्हणाले. "थोडा पहले लाते तो बात और थी. इतकी देर कशी झाली, बाई? गांव में गाडी नहीं थी क्या?"

मंदाबाईचं लुगडं अजून ओलं होतं. तिनं टोमणा मारायचा म्हणून काही म्हटलं नाही, कुणाकडे बघितलंही नाही. विचारलं त्याचं खरं उत्तर तेवढं तिनं दिलं.

"पहिले होती जी एक," ती म्हणाली. "आता नाही."

धनूभाऊ तिच्या शेजारीच उभे होते.