शेवंताआत्याच्या वहाणा

शेवंताआत्या येते आहे हे आधी कानाला कळायचं. जाड कातड्याच्या वहाणा, टाचेला खिळे, आणि चाल अशी की जमिनीनं दखल घेतलीच पाहिजे. आमच्या घरासमोरच्या चौकातल्या दगडापाशी आली की ती मुद्दाम हळू व्हायची आणि पावलं जास्तच आपटायची. तिथं निजलेली कुत्री उठून बाजूला व्हायची.

तो दगड इनामदारांचा. उजनीच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा लोकांनी घरांची दारं आणि वासे वर आणले, आणि वाड्यापुढचा हा दगडही बैलगाडीत घालून आणला. त्यावर 'प्रजापालक' असं कोरलेलं आहे. वाड्यापुढून जाताना आमच्या आळीनं पायातलं हातात घ्यायचं, अशी जुनी रीत. वाडा बुडाला, इनामदारांचे वारस शहरात गेले, पण रीत दगडाबरोबर गाडीत बसून वर आली. पुढं पुरुषांनी ती सोडली. बायकांच्या मात्र अंगवळणी पडलेली. माझी आई तर दगड आला की न चुकता वाकून चपला काढायची.

"देऊळ पान्यात सोडलं आन् इनामदार तेवढा उचलून आनला," आत्या म्हणायची. "लई शानं गाव आमचं."

आत्या गावचीच लेक. नवरा गेल्यावर माहेरी परतली ती आमच्या शेजारी राहिली आणि आईची जिवाची मैत्रीण झाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दुपारी आम्ही तिघी काठावर बसायचो. पाण्यातून जुन्या देवळाचं शिखर वर आलेलं, भोवती धुरकट ऊन, आणि मासेमारांची हाक पाण्यावरून येते आहे की झोपेतून, हे कळू नये अशी वेळ. आत्याला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. ते ती डोळे मिटूनच सांगायची.

"पान्याखाली समदं गाव तसंच हाय बघ. माझी आजी डोईवर घागर घिऊन वाड्याम्होरनं चाललीया. बाजूनं मासं चालल्यात. आन् तिच्या पायात वहाना हायत्या."

खरी आजी वाड्यावर वेठीनं पाणी भरायची, भर उन्हात, अनवाणी. म्हातारपणीही तिच्या तळव्यांच्या भेगा बुजल्या नव्हत्या. लहानपणी आत्याच त्यांना तेल लावायची.

आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मला कळतंय गं सगळं. पर पाय ऐकत न्हाईत, त्याला काय करू?"

मध्यंतरी दगडावर छत्री बांधायचा आणि चौकाला इनामदारांचं नाव द्यायचा ठराव ग्रामसभेत आला. आत्या उठली. "नाव द्या की. पर खाली आनखी एक वळ ल्ह्या. ह्यांचं पानी कुनी भरलं, वाड्याचं दगूड कुनी वाह्यलं."

सरपंच समजुतीनं म्हणाले, "आत्या, इतिहास असा खोडायचा नसतो."

"मी कुठं खोडाय सांगतीया? ऱ्हायल्याला ल्ह्या म्हनतीया."

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. ठराव पुढच्या सभेवर गेला तो अजून तिथंच आहे. आपल्याकडे नकार द्यायची ही सभ्य पद्धत. छत्री टळली म्हणून मला कोण आनंद! आत्या मात्र घरी येऊन आईला म्हणाली, "दगूड ऱ्हाऊ दे गं. तू एकदा नीट गेलीस त्याच्याम्होरनं, तर मी जिकली."

यंदा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. लेकीनं तिला कन्हेरीला आपल्या घरी बोलावून घेतलं. आई तिला एसटीच्या थांब्यावर सोडायला निघाली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातावर आत्याचा भार. मी ओट्यावरून बघत होते. दगडापाशी आई थबकली आणि वाकायला गेली.

"मला सोडलंस तर पडंन मी," आत्या म्हणाली. "ठरीव आता."

आई तशीच पुढे गेली. मला हसू आलं. जाता जाता आत्यानं डाव साधला होता.

एसटी गेली आणि आई एकटी परत आली. आता दोन्ही हात मोकळे होते. दगडापाशी ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं पदर खोचला आणि चालू लागली. तिच्या रबरी चपला, त्यांचा असा कितीसा आवाज येणार! पण ती आत्यासारखीच पावलं आपटत होती, आणि रडत होती.