दोन घाण्यांचं तेल

"त्याच्या तेलात कोलेस्टेरॉल शून्य आहे. आमच्या तेलात तुम्हाला 'आढळले नाही'. म्हणजे असणार कुठेतरी, फक्त तुम्हाला सापडलं नाही!"

दिनकररावांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. कसबा पेठेत त्यांचा शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा आहे. समोरच्याच बाजूला त्यांचे चुलतभाऊ शरदराव यांचा घाणा. दोन्ही पाट्यांवर 'मूळ दुकान' असं लिहिलेलं आहे. हडपसरला माझी अन्नपदार्थ तपासायची लॅब आहे आणि दिनकरराव माझे जुने क्लायंट. पेठेतले बाकीचे घाणेवाले ते जातील तिथेच सॅम्पल पाठवतात. ते गेले असते तर सगळी पेठ गेली असती.

मी त्यांना समजावलं. कोलेस्टेरॉल प्राण्यांकडून येतं. तुपात असतं, लोण्यात असतं. शेंगदाण्याच्या तेलात ते सांगण्याजोगं नसतंच, करडईच्या नसतं, सूर्यफुलाच्याही नसतं. पण यंत्राला एका मर्यादेखालचं दिसत नाही, म्हणून लॅब कधी शून्य लिहीत नाही, 'आढळले नाही' असं लिहिते.

"साखरेचा डबा रिकामा आहे हे सांगायला आमच्या घरी यंत्र लागत नाही," दिनकरराव म्हणाले. "शरदने त्याचा कागद फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय. गिऱ्हाईक वाचतं. वारज्याच्या त्या बाईंनी शून्य दिलं, तुम्हाला का देता येत नाही?"

वारज्याच्या त्या बाई म्हणजे मृणाल. कॉलेजमधून थेट माझ्याकडे आली होती. पिपेट कशी धरायची इथपासून मी शिकवलं. मग एक दिवस पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, स्वतःची लॅब काढतेय, आशीर्वाद द्या." मी दिला. तो इतका लागू पडेल असं वाटलं नव्हतं. तिच्या लॅबला काचेचे दरवाजे आहेत. तिचं मशीन सॅम्पल आपोआप उचलतं, माझ्याकडे अजून हातानेच सुई टोचावी लागते. कुणी तिचं कौतुक केलं की मी "हो, हुशार आहे" म्हणते आणि विषय बदलते. पोटात दुखतं, दुसरं काय.

पण या वेळी ती चुकली, असं मला वाटलं. शून्य लिहिलं म्हणजे लॅबचा पहिला धडा विसरली. मला जो आनंद झाला तो लपवायला मी दिनकररावांसाठी चहा मागवला आणि दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी कसब्यात जाऊन मी शरदरावांकडून तेलाची बाटली घेतली. ओळख दिली नाही. गल्ल्यामागची फ्रेम नीट वाचली आणि माझा आनंद तिथेच मावळला. तो रिपोर्ट नव्हताच. बाटलीच्या लेबलवर छापायचा पोषणमूल्यांचा तक्ता होता, मोठ्या अक्षरांत, रंगीत. लेबलवर शून्य लिहायला कायद्याची हरकत नाही. रिपोर्टबरोबर असा तक्ता करून द्यावा हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

"काय बघताय?" शरदराव म्हणाले. "पाठ करायचंय का?"

तरी मी हार मानली नाही. तक्त्यातला एखादा आकडा तरी चुकलेला असेल म्हणून बाटली लॅबमध्ये आणली आणि जीसीवर लावली. जीसी हे यंत्र तेलातली फॅटी अ‍ॅसिड्स वेगळी करतं. मग सॅच्युरेटेड किती, म्हणजे तुपात जास्त असतं ते, आणि अनसॅच्युरेटेड किती, म्हणजे मोनो आणि पॉली असे त्याचे दोन प्रकार, ते कळतं. एकूण उष्मांकात काही शोधायचं नसतं. कुठलंही तेल घ्या, ग्रॅमला नऊ कॅलरी. घाण्याचं असो नाहीतर रिफाइंड, चमचा तेवढाच जड.

आकडे आले. सॅच्युरेटेड, मोनो, पॉली, तिन्ही मृणालच्या तक्त्याशी दशांशापर्यंत जुळले. मी पुन्हा रन लावला, पुन्हा तेच आलं. एखाद्याचं काम इतकं बरोबर असल्याचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

मग मी दिनकररावांच्या तेलाचा आलेख शेजारी ठेवला. तोही तसाच. दोघे भाऊ मार्केट यार्डात एकाच व्यापाऱ्याकडून शेंगदाणा घेतात, मग तेल वेगळं कुठून येणार? मला वाटलं, हेच सांगावं. मृणालच्या त्या शून्याची हवा तरी जाईल.

दिनकरराव आले तेव्हा मी दोन्ही आलेख समोर ठेवले.

"तुमचं आणि शरदरावांचं तेल सारखंच आहे. त्या फ्रेममध्ये विशेष काही नाही."

"सारखं?"

"अगदी."

"आमचं आणि त्याचं?" त्यांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरले. "अहो मॅडम, वाईट आहे म्हणाला असतात तर सुधारलं असतं. सारखं आहे म्हटल्यावर माणसाने करायचं काय?"

रिपोर्ट तिथेच ठेवून ते उठले. जाताना नमस्कार केला, तेव्हाच मला कळलं की क्लायंट गेला.

आठवडाभराने मृणालचा फोन आला.

"मॅडम, दिनकरराव माझ्याकडे आलेत. आपलं तेल शरदरावांपेक्षा सरस आहे का, एवढंच सांगा म्हणतात."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, दुसऱ्या क्लायंटच्या तेलाबद्दल मी बोलत नाही. तुमचाच नियम आहे ना? मॅडम, ते मुळात तुमचे क्लायंट. तुमच्याकडे परत पाठवू का?"

ती कुजकट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मनापासून विचारत होती.

"नको, ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

पुढच्या महिन्यापर्यंत पेठेतली सगळी सॅम्पल्स वारज्याला जायला लागली. नवीन लॅब काढणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. क्लायंटने स्वतःच्या तेलाचं विचारलं की तेवढंच सांगावं, शेजाऱ्याची बाटली उघडू नये. आणि ज्युनिअरला शिकवताना थोडं हातचं राखून शिकवावं.