दुसऱ्या सहीची चौकट

मॅडमनी टाइप करायला दिलेला कागद राजीनाम्याचा होता. मी तो दोनदा वाचला.

मॅडम आमच्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्ट. गाठीचा तुकडा काचेवर येतो. तो मायक्रोस्कोपखाली बघून त्या सांगतात, कॅन्सर आहे की नाही. मी साहित्याची एम.ए. त्यांचे अहवाल टाइप करते. वयात अठरा वर्षांचं अंतर, तरी दुपारचा डबा एकत्र खायचो. मला त्या ‘पंडितबाई’ म्हणायच्या.

बारा वर्षांत हे त्यांचं चौथं शहर. “तुझ्या पायाला भिंगरी आहे,” त्यांची आई फोनवर म्हणायची. रुग्णालयात सगळे म्हणायचे, पगारासाठी फिरतात. मलाही तसंच वाटायचं.

अहवालाच्या तळाशी दोन चौकटी असतात. पहिलीत तपासणाऱ्याची सही, दुसरीत फेरतपासणी करणाऱ्याची. मागच्या शहरात ही दुसरी सही एका सहकाऱ्याची असायची. मॅडम त्याला भांडखोर म्हणत. “एकदा एका काचेवरून दोन दिवस अबोला होता आमचा. तिसऱ्या दिवशी म्हणतो, बाई, तुमचंच बरोबर. पण भांडायला मजा आली.”

इथे दुसरं कुणी नव्हतं. चौकट रिकामी राहायची. रुग्णांचे नातेवाईक विचारायला लागले, तेव्हा संचालक म्हणाले, “दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी तुम्हीच बघा की. तुमच्यासारखं दुसरं माणूस आणायचं कुठून?” मॅडमना ते पटलं. चौदा महिने दोन्ही चौकटींत त्यांचीच सही होती.

राजीनाम्याच्या महिनाभर आधी एका शिक्षिकेचा अहवाल आला. स्तनातली गाठ. मॅडमनी कॅन्सर लिहिलं होतं. सह्या दोन्ही झालेल्या. शस्त्रक्रिया दोन दिवसांवर. नवरा बाहेर बाकावर बसला होता, मांडीवर तिची पर्स घट्ट धरून.

अहवाल पाकिटात घालता घालता मी सहज विचारलं, “मॅडम, एवढ्या दिवसांत तुमचं तुमच्याशी एकदाही भांडण झालं नाही?”

त्या हसल्या. मग हसू ओसरलं.

“किती अहवाल झाले गं?”

“आठशेच्या वर.”

“आणि एकदाही नाही?”

“दुसऱ्या चौकटीत नुसती सही असते. बाकी कधीच काही नाही.”

त्यांनी हात पुढे केला. “दे तो इकडे.”

चाळीस मिनिटं त्या काचेवर वाकून होत्या. “मला कॅन्सरच दिसतोय,” त्या म्हणाल्या. “पण खरंच आहे म्हणून दिसतोय, की काल दिसला म्हणून, ते सांगता येत नाही.”

त्यांनी सर्जनना फोन लावला. “चार दिवस थांबा.”

“अहो, दोन सह्या झाल्यात ना?”

“एकच झालीय. दोनदा.”

काचा भांडखोराकडे गेल्या. सोबत आपलं मत लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मला म्हणाल्या, “त्यालाही माझेच डोळे लावायचे का?”

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. “बाई, कॅन्सर नाही हा. कॅन्सरसारखं दिसतं, इतकंच. पेशींचा बाहेरचा थर शाबूत आहे, वेगळा रंग देऊन खात्री केली. नजर गंजली की काय तुमची तिकडे?”

“गंजली रे,” मॅडम म्हणाल्या आणि टेबलावर डोकं टेकलं. खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, मला कळेना.

शिक्षिकेचा नवरा अहवालासाठी आला होता. बाहेर जाऊन त्यांनी स्वतः त्याला सांगितलं. नवरा उठला, पुन्हा बसला.

“म्हणजे काढायचं नाही?”

“नाही. आणि चूक माझी होती.”

त्यानं दुसरं वाक्य ऐकलं की नाही, कोण जाणे. तो बायकोला फोन लावत होता.

नंतर मॅडमनी जुन्या अहवालांतल्या शंकेच्या एकतीस काचा भांडखोराकडे तपासायला पाठवल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या आणि माझ्याही डब्यातलं संपवलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

“तिकडे भांडखोराच्या रुग्णालयात पगार कमी आहे,” मी म्हटलं.

“आहे. पण एका मायक्रोस्कोपला पाच जण बसतात. आधीची शहरं अशाच लोकांसाठी बदलली मी. पगारासाठी फक्त इथे आले. ते अंगाशी आलं.”

आता आमच्याकडे नवे, तरुण डॉक्टर आहेत. पहिली सही त्यांची. काचा मॅडमकडे जातात, दुसरी सही तिथून येते.

काल फोन आला. “पंडितबाई, तुमच्या डॉक्टरांना सांग, तिसऱ्या काचेचं निदान मला मान्य नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “मला मान्य आहे हो!”

“तू गप बस रे!” मॅडम म्हणाल्या. आवाज खुशीत होता.

मी त्या अहवालाची दुसरी चौकट रिकामी ठेवली.