मेणाचं ताट

आमच्या नाटक कंपनीत खोटं जेवण बनवणाऱ्याला सगळे आचारी म्हणत. पठ्ठ्यानं जन्मात चूल पेटवली नव्हती. कागदाच्या लगद्याची कोंबडी, लाखेची फळं, मेणाचा रस्सा. पण पहिल्या रांगेतली माणसं आवंढे गिळायची. टाळ्या मात्र मला पडायच्या, कारण ते ताट रंगमंचावर मी खात असे. तीस वर्षं हेच चाललं. त्याचं नाव जाहिरातीत कधी आलं नाही, आणि ते यावं म्हणून मीही कधी तोंड उघडलं नाही.

म्हातारपणी त्याचं स्वादुपिंड सुजलं. रुग्णालयात पाच दिवस तोंडात पाण्याचा थेंब नाही, नुसती सलाईन. सहाव्या दिवशी सकाळी सुपाचा पहिला चमचा मिळणार होता. सगळा जीव त्या चमच्यात अडकलेला.

आदल्या संध्याकाळी मी त्याच्याच हातचं एक जुनं ताट घेऊन गेलो. खाणं आणू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मेण कोण खातंय?

"राजे, आलात?" तो हसला. मी जन्मभर राजेच रंगवले, म्हणून हे नाव. "होऊन जाऊ दे एक प्रवेश!"

"नको हो भावोजी," उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं, वहिनींनी म्हटलं. "उपाशी माणसापुढे कसलं खाणं?"

मी कसला ऐकतोय! समोर प्रेक्षक दिसला की माझा तोल जातो. तंगडी मोडली, बोटं चाटली, डोळे मिटून मान डोलावली. तो आवंढे गिळत होता. मला वाटलं, दाद देतोय. तेवढ्यात पोट धरून तो दुमडला.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेलं. "पाचकरस सोडायला स्वादुपिंडाला दोन वाटांनी निरोप जातो. अन्न आतड्यात उतरलं की आतडं रक्तात संप्रेरकं सोडतं. ती वाट आम्ही उपाशी ठेवून बंद केली होती. दुसरी मेंदूकडून, मज्जातंतूंची. तिला अन्न नुसतं दिसलं तरी पुरतं. ताट मेणाचं आहे, हे त्या ग्रंथीला कोण सांगणार?"

"म्हणजे माझ्यामुळेच?"

"तसं खात्रीनं नाही सांगता येणार. पण चमचा लांबला."

तो आठ दिवस लांबला. पुढे आचारी बरा होऊन घरी गेला. मी भेटायला गेलो, तर वहिनी दारातच उभ्या.

"झोपलेत."

आतून स्पष्ट आवाज आला, "कोण गं?"

"राजे आलेत."

आत खाट करकरली. मग, "सांग, झोपलोय म्हणून."

वहिनींनी मान खाली घातली. "झोपू द्या," म्हणालो आणि जिना उतरलो.