भुई प्याल्यावर मग घास

हे अनंता, मातीच्या कणाला कण जोडून त्यांच्यामध्ये श्वासापुरती जागा ठेवणारा तूच. तुझ्या चरणी माथा टेकवून देवणीजवळच्या एका माउलीची, सिंधुबाईंची, कथा मांडतो.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, शेतात कडब्याची कोप, छोटी खोपी, उभी राहते, तिच्यात पाच दगडांचे पांडव पुजले जातात आणि आंबिलीचा पहिला तांब्या भूमातेला वाहिला जातो. सिंधुबाईंच्या घरचा नेम याहून कडक: भुईने आंबील प्याल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही.

यंदा त्यांनी गव्हाच्या कडेला आंबील ओतली, आणि ती तिथेच थांबली. पांढरी, निश्चल. ताटे मांडलेली, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचा वास सुटलेला, आणि सारे घर त्या डबक्याकडे पाहत बसलेले.

"खुरप्यानं उकर जरा, मुरंल," पती रामलिंग म्हणाले.

"आईचं त्वांड उचकटून पाजू व्हय?" सिंधुबाई म्हणाल्या.

सासूबाई कमलम्मा लेकावरच घसरल्या. "गुरं इकलास, शेणखत बंद केलास. नुसता युरिया चारलास तिला. लेकराला निस्ती साखर चारल्यावर अंग धरतंय का?"

"मग काय करू, अम्मा? न्हाई टाकला तर गहू पिवळा पडतोय, टाकला तर भुई फरशी होऊन राहिली. उद्याचा खताचा हप्ता चुकला तर खायचं काय?"

युरिया पिकाला हिरवे करी; पण कणांना बांधून ठेवणारा कुजका पाला, शेण, गांडुळे यांचे मातीकडे परतणे कधीच थांबले होते. बंध सुटले, पाण्याच्या माराने कण विस्कटले आणि वर पापुद्रा बसला. धरले तर चावते, सोडले तर पळते!

सिंधुबाई उठल्या. जिथे पूर्वी गुरांची दावण होती, त्या बांधाच्या कोपऱ्यात त्यांनी दुसरा तांब्या ओतला. भुईने तो घोटाघोटाने घेतला. मग सारे जेवले.

हात धुताना सिंधुबाई म्हणाल्या, "जिथं भुई प्याली न्हाई, तेवढा तुकडा माझा. तिथं युरिया पडणार न्हाई."

"पिवळा पडंल."

"पडू द्या."

दुसऱ्या दिवशी रामलिंगांनी उरलेल्या शेतात युरिया फेकला, फेकावाच लागला. त्या तुकड्याशी मात्र त्यांची मूठ मिटली. आता शेजारच्या उकिरड्यावरचे शेणखत सिंधुबाई पाटीने वाहतात. तुकडा खरेच पिवळा पडला आहे.

देवा, त्या पिवळेपणाला धीर दे. सिंधुबाईंच्या डोईवरची पाटी हलकी कर, रामलिंगांची मूठ अशीच मिटू दे, कमलम्मांना पुढची येळवस दाखव. आणि या घराचा घास भुईच्या तोंडाशी कधी अडू नये, एवढे कर.